रॉबर्ट गिल

मेजर रॉबर्ट गिल (१८०४ – एप्रिल १८७९) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील अधिकारी, चित्रकार, शिकारी आणि छायाचित्रकार होते. अजिंठा लेण्यांतील भित्तिचित्रांच्या पूर्णाकृती प्रती करण्याच्या कामावर त्यांची १८४४ मध्ये नेमणूक झाली आणि त्यानंतरचे जवळजवळ सर्व आयुष्य त्यांनी अजिंठा डोंगराच्या परिसरात काढले. त्यांनी तैलरंगात केलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनजवळच्या आगीत नष्ट झाल्या. मात्र लेणी, वऱ्हाडातील जुन्या वास्तू आणि डोंगरातील प्राणिजीवन यांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे टिकून राहिली. महाराष्ट्रात गिल यांचे नाव मुख्यतः पारो या स्थानिक स्त्रीशी जोडलेल्या प्रेमकथेमुळे परिचित आहे. छायाचित्रकार म्हणून त्यांची ओळख त्यामानाने कमी आहे, वास्तविक त्यांच्या कामाचा आज हाती असलेला मोठा भाग छायाचित्रांचाच आहे.

== सुरुवातीचे जीवन ==

गिल यांचा जन्म १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १८२० च्या दशकात ते मद्रास सैन्यात दाखल झाले आणि ४४ व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्री या पायदळ पलटणीत त्यांनी नोकरी केली. कंपनीच्या सैन्यातील अधिकाऱ्यांना नकाशे, किल्ले व प्रदेश यांची रेखाटने करण्याची सवय असे. गिल यांचा हात त्यांतही चांगला होता, आणि याच गुणामुळे पुढे त्यांना पलटणीतून काढून लेण्यांत पाठवण्यात आले. १८४१ मध्ये त्यांचा फ्रान्सिस रिकर्बी यांच्याशी विवाह झाला. या विवाहापासून त्यांना मुले झाली.

== अजिंठ्याची नेमणूक ==

अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. वाघूर नदीच्या नालाकृती दरीतील ही लेणी आसपासच्या गावकऱ्यांना आणि गुराख्यांना ठाऊक होतीच, त्यामुळे त्यांचा शोध लागला असे म्हणणे युरोपीय वाचकापुरतेच खरे आहे. पुढील वीस वर्षांत अनेक प्रवासी तेथे येऊन गेले. काहींनी आठवण म्हणून भिंतीवरचा रंगीत गिलावाच खरवडून नेला.

नीळ-व्यापार सोडून वास्तुकलेच्या इतिहासाकडे वळलेले जेम्स फर्ग्युसन यांनी १८३९ मध्ये लेणी पाहिली. भारतातील शैलगृहांवरील त्यांचा निबंध १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे वाचला गेला. चित्रे झपाट्याने नष्ट होत आहेत आणि ती वाचवता आली नाहीत तरी त्यांची नोंद झाली पाहिजे, असा आग्रह सोसायटीने कंपनीच्या संचालकांकडे धरला. संचालकांनी मान्यता दिली, मद्रास सरकारने माणूस निवडला आणि १८४४ मध्ये कॅप्टन गिल यांच्याकडे हे काम आले. लेणी निजामाच्या राज्यात, काम करणारा मद्रासचा, पैसा लंडनचा, अशी ही व्यवस्था होती. साहित्य, परवानगी आणि पगार यांसाठी होणाऱ्या पत्रव्यवहाराला त्यामुळे नेहमीच विलंब लागे.

गिल यांनी अजिंठा गावातील बारादरीत मुक्काम केला. तेथून लेणी सुमारे दहा-बारा किलोमीटरवर, घाट उतरून खाली आहेत. हा रस्ता दाट झाडीतून जाई आणि वाघ, अस्वल व बिबळ्या यांचा तेथे वावर असे. पावसाळ्यात वाघूर भरली की लेण्यांकडे जाणे अवघड होई.

== भित्तिचित्रांच्या प्रती ==

गिल यांचे काम साध्या नकलेपेक्षा पुष्कळ जिकिरीचे होते. भिंतीवरील चित्रे काजळी, धूळ, वटवाघळांची विष्ठा आणि ओल यांखाली झाकलेली होती. कित्येक ठिकाणी गिलावा फुगून सुटला होता. लेण्यांच्या आतील दालनांत दिवसाचे थोडे तासच पुरेसा उजेड पोहोचतो. अशा स्थितीत मूळ चित्राच्या आकाराचा कॅनव्हास ताणून, तैलरंगांत, एकेका दृश्याची प्रत करायची होती. मूळ चित्रे मातीच्या गिलाव्यावर खनिज रंगांनी काढलेली, तर प्रत तेलात. या बदलामुळे छटा किंचित जड येत, तरी आकार, रेषा आणि मांडणी यांबाबतीत गिल यांची निष्ठा समकालीनांनी वाखाणली.

लेणे क्रमांक १, २, १६ आणि १७ येथील चित्रांवर त्यांनी विशेष भर दिला. या लेण्यांतील चित्रे जातककथांची आहेत, तशीच ती सृष्टीचीही आहेत. हत्तींचे कळप, माकडे, हरणे, मोर आणि छतांवरील कमळवेलींत गुंतलेली हंसांची माळ ही दृश्ये पाहणाऱ्याला आजही थांबवतात. बोधिसत्त्वाचा हंसाच्या रूपातील जन्म सांगणारी कथाही येथे चितारलेली आहे. पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रकारांनी मान वळवलेला, पंख फुलवलेला पक्षी सहज एका रेषेत पकडला होता. हीच गोष्ट पुढे कॅमेऱ्याने करू पाहणाऱ्या गिल यांना मुळीच साधली नाही, आणि त्याची कारणे त्यांच्या कौशल्यात नव्हे तर त्या काळच्या काचांत आणि रसायनांत होती.

१८४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे सुमारे ३० मोठे कॅनव्हास लंडनला गेले. १८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीमती स्पीर यांच्या प्राचीन भारतावरील ग्रंथात गिल यांच्या प्रतींवरून केलेली काही ठशांची चित्रे छापली गेली. सामान्य युरोपीय वाचकाला अजिंठ्याची चित्रे प्रथम दिसली ती बहुधा या लहानशा ठशांतून.

== क्रिस्टल पॅलेसची आग ==

गिल यांचे कॅनव्हास लंडनच्या सिडनहॅम भागातील क्रिस्टल पॅलेस या काच-लोखंडाच्या प्रदर्शनगृहात मांडले होते. ३० डिसेंबर १८६६ रोजी तेथे आग लागली आणि इमारतीचा उत्तरेकडील भाग जळाला. तेथील जवळजवळ सर्व प्रती त्यात गेल्या. इतरत्र ठेवलेल्या मोजक्याच वाचल्या आणि त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

हे नुकसान एका माणसाच्या श्रमांपुरते नव्हते. गिल यांनी काम सुरू केले तेव्हा भिंतीवर दिसत असलेले कित्येक भाग पुढील वीस वर्षांत गळून पडले होते. त्या भागांची एकमेव रंगीत नोंद लंडनमध्ये होती. मूळही गेले आणि प्रतही गेली अशी अवस्था अनेक दृश्यांच्या वाट्याला आली. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रती केल्या. त्यांतील अनेक १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. या दुसऱ्या अपघातामुळे गिल यांच्या उरलेल्या कामाचे मोल वाढले.

== छायाचित्रणाकडे ==

गिल यांनी १८५६ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला. भारतात छायाचित्रण तेव्हा नवे होते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली होती आणि मद्रास सैन्यातीलच लिनियस ट्राइप हे अधिकारी दक्षिणेतील मंदिरांची छायाचित्रे घेत होते. पुराणवास्तूंच्या नोंदीसाठी चित्रकारापेक्षा कॅमेरा स्वस्त व अचूक ठरेल, असे सरकारला वाटू लागले होते. पन्नाशी ओलांडलेल्या चित्रकाराने आपली जागा घेऊ पाहणारे यंत्र स्वतःच आत्मसात केले, हे गिल यांच्या स्वभावाविषयी बरेच सांगून जाते.

त्या काळी प्रचलित असलेली कोलोडियन पद्धत फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केली होती. काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतायचा, अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि लगेच तंबूत नेऊन ते उमटवायचे, असा तिचा क्रम असे. काच वाळली की निकामी होई. काचा आधी तयार करून ठेवता येतील अशी कोरड्या कोलोडियनची पद्धतही १८५५ पासून उपलब्ध झाली, पण तिला प्रकाश अधिक वेळ द्यावा लागे. उन्हाळ्यात या भागात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा हवेत ईथर भराभर उडते, थर असमान होतो आणि त्यावर धूळ बसते. चित्र धुण्यासाठी स्वच्छ पाणी पुष्कळ लागते. काचा, रसायने, पाणी आणि काळोखी तंबू बैलगाडीतून किंवा माणसांच्या डोक्यावरून न्यावा लागे, आणि घाटात एक धक्का बसला तर दिवसभराची मेहनत फुटत असे.

गिल यांनी प्रामुख्याने स्टिरिओस्कोपसाठी जोडचित्रे घेतली. यात दोन डोळ्यांच्या अंतराइतक्या फरकाने एकाच दृश्याची दोन लहान चित्रे घेतात आणि ती विशिष्ट भिंगांतून पाहिली की दृश्याला खोली येते. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर युरोपातील घराघरांत हे उपकरण पोहोचले होते. लेण्यांसाठी ही निवड योग्य होती. दगडात आत कोरत नेलेल्या चैत्यगृहाची खोली सपाट चित्रात हरवते, पण जोडचित्रात खांबांची रांग डोळ्यांपुढे एकामागे एक उभी राहते.

१८६४ मध्ये या छायाचित्रांवर आधारित दोन ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींचा मजकूर फर्ग्युसन यांचा होता. पहिल्यात भारतातील शैलगृहांची ७४ छायाचित्रे असून तो जॉन मरे यांनी काढला. दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तुकला आणि निसर्गेतिहास यांविषयीची १०० जोडचित्रे होती. छापखान्यात छायाचित्र थेट छापण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून प्रत्येक प्रतीत खरी छायाचित्रे हाताने चिकटवलेली असत. वीस वर्षांपूर्वी ज्याच्या निबंधामुळे गिल अजिंठ्यास आले, त्याच अभ्यासकाने त्यांच्या चित्रांना शब्द दिले.

भित्तिचित्रांसाठी मात्र कॅमेऱ्याचा उपयोग होऊ शकला नाही. कोलोडियनच्या काचेला निळा व जांभळा प्रकाश तीव्रतेने दिसे, हिरवा व पिवळा अगदी कमी आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. अजिंठ्याची चित्रे तर गेरू, पिवळी माती आणि हिरव्या मातीच्या रंगांत आहेत. छायाचित्रात ती काळपट डागांसारखी आली असती. म्हणून गिल यांच्या छायाचित्रांत शिल्पे, खांब, दर्शनी भाग आणि दरीचे देखावे आहेत. रंगीत चित्रांसाठी कुंचल्यावाचून पर्याय नव्हता, आणि कुंचल्याने केलेले ते काम जळाले.

== निसर्गविषयक छायाचित्रे ==

१०० जोडचित्रांच्या ग्रंथाच्या नावातच निसर्गेतिहासाचा समावेश आहे. गिल हे नामांकित शिकारी होते. अजिंठा परिसरात त्यांच्याविषयीच्या आठवणी टिकल्या त्या चित्रकार म्हणून जितक्या, तितक्याच वाघ मारणारा साहेब म्हणून. डोंगरातील प्राण्यांची त्यांची छायाचित्रेही शिकारीतून आलेली आहेत. प्राणी मारून, जमिनीवर ठेवून, मग त्याचे चित्र घेतले जाई.

आजच्या वाचकाला हे विचित्र वाटते. पण जिवंत, हलता प्राणी त्या काळच्या काचेवर उमटणे जवळपास अशक्य होते. चांगल्या उन्हातही काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे. तेवढ्यात हरणाने कान हलवला तरी त्या जागी धूसर डाग येई, आणि उडणारा पक्षी तर काचेवर कोणतीही खूण न ठेवता निघून जाई. दूरच्या पक्ष्याला जवळ आणणारी, पुरेसा प्रकाश घेणारी भिंगे नव्हती. फुलावर क्षणभर टेकणाऱ्या फुलपाखरासाठी तर तंबूतून काच आणेपर्यंतचा अवधीही मिळत नसे. त्यामुळे पक्षी बंदुकीने मारून त्यांची कातडी भरायची आणि फुलपाखरे जाळ्यात पकडून टाचणीला लावायची, हीच अभ्यासाची रीत होती.

रंगांचा प्रश्न इथेही होताच. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल हा पिवळट हिरवा असतो. कोलोडियनच्या काचेवर तो कावळ्याइतका काळोखा आला असता. हळद्या पक्ष्याचा झळझळीत पिवळा रंगही तसाच गडद उमटला असता. याउलट नीळकंठाचे निळे पंख किंवा राज्य फुलपाखरू असलेल्या नीलवंताच्या काळ्या पंखांवरील निळे पट्टे फिकट पांढरट दिसले असते. म्हणजे पक्षी स्थिर बसला असता तरी चित्रावरून तो ओळखणे कठीण गेले असते.

गिल यांच्या मृत्यूच्या सुमारास परिस्थिती बदलू लागली. रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि पुढील काही वर्षांत प्रकाशाला झटकन प्रतिसाद देणाऱ्या काचा मिळू लागल्या. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची क्रमवार चित्रे घेतली. १८८२ मध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी उडत्या पक्ष्यांची छायाचित्रे घेण्यासाठी बंदुकीच्या आकाराचाच कॅमेरा बनवला. इंग्लंडमधील कीर्टन बंधूंनी १८९० च्या दशकात घरट्यांची छायाचित्रे घेतली आणि कृत्रिम लपणांत बसून पक्षी टिपण्याची रीत रूढ केली. भारतात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यांचा वाघांच्या छायाचित्रांचा ग्रंथ १९२७ मध्ये आला. जंगलात बंदुकीऐवजी कॅमेरा न्यावा हा विचार त्यानंतर रुजला. गिल यांनी दोन्ही नेले, पण त्यांच्या हयातीत कॅमेऱ्याचे काम बंदुकीनंतरच सुरू होई.

== वऱ्हाडातील काम ==

अजिंठ्याची डोंगररांग पूर्वेकडे वऱ्हाडात शिरते. वऱ्हाडाचे परंपरेने तीन भाग मानले जातात. पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे म्हणजे पयानघाट, ज्यात अकोला व अमरावतीचा मोठा भाग येतो. दक्षिणेकडील पठार म्हणजे बालाघाट आणि उत्तरेकडील सातपुड्याचा डोंगराळ मुलूख म्हणजे मेळघाट. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत कंपनीच्या ताब्यात दिला. पुढे अमरावती हे पूर्व वऱ्हाडाचे आणि अकोला हे पश्चिम वऱ्हाडाचे मुख्यालय झाले. गिल यांच्या मुक्कामापासून बालाघाटाची सीमा जवळच होती.

१८६० आणि १८७० च्या दशकांत गिल यांनी वऱ्हाडातील मंदिरे व इतर जुन्या वास्तूंची छायाचित्रे घेतली. त्यांत आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील दैत्यसूदन मंदिराची चित्रे विशेष मोलाची आहेत. उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेल्या विवराच्या काठावर वसलेल्या या गावातील हे मंदिर मध्ययुगीन असून त्याच्या भिंती मूर्तिशिल्पांनी भरलेल्या आहेत. गिल यांच्या छायाचित्रांत त्याची एकोणिसाव्या शतकातील स्थिती दिसते. वऱ्हाडातील पुरातत्त्वीय नोंदींचा आरंभ सांगताना ही छायाचित्रे टाळता येत नाहीत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जुन्या संग्रहाबरोबर ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पोहोचली आहेत.

याच काळात वऱ्हाडाचे रूप पालटत होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत कापसाला विलक्षण भाव आला. भुसावळहून अकोला व बडनेरामार्गे जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. विलायती काचा व रसायने भुसावळपर्यंत आगगाडीने येऊ लागली, तेथून पुढचा घाटरस्ता मात्र बैलगाडीचाच राहिला.

पक्षिजीवनाची त्या काळची एक नोंद गिल यांच्या निसर्गचित्रांच्या मर्यादा समजण्यास उपयोगी पडते. १८७३ मध्ये, गिल हयात असताना, ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी एफ. आर. ब्लेविट यांनी मिळवलेल्या नमुन्यावरून एका लहान घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले. हा रानपिंगळा होय. मारलेल्या पक्ष्यांच्या मोजक्या कातड्यांपलीकडे त्याविषयी काही उरले नाही आणि १८८४ नंतर तो शतकाहून अधिक काळ दिसला नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो खानदेशात शहाद्याजवळ आढळला. त्या वेळी त्याला कोणी मारले नाही. त्याची छायाचित्रे व चित्रफीत घेतली गेली आणि तेवढा पुरावा पुरला. पुढील सर्वेक्षणांत तो अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातही सापडला. आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पात कॅमेरा घेऊन येणाऱ्यांना वाघाइतकीच ओढ या वीतभर उंचीच्या घुबडाची असते.

== पारो आणि कौटुंबिक जीवन ==

अजिंठा गावात पारो नावाच्या स्त्रीची समाधी आहे. तिच्यावरील लेखात तिचा मृत्यू २३ मे १८५६ रोजी झाल्याचे नमूद असून तो दगड गिल यांनी बसवला. पारोविषयीचा हा ठोस पुरावा. ती कोणत्या समाजाची होती, गिल यांची व तिची भेट कशी झाली, चित्रांच्या कामात तिचा वाटा किती होता, याविषयी परिसरात अनेक कथा सांगितल्या जातात. लेण्यांतील आकृतींचा अर्थ तिनेच त्यांना उलगडून दाखवला, अशीही एक कथा आहे. ती मनाला पटण्यासारखी असली तरी लोककथा म्हणूनच घ्यावी लागते. ब्रिटिश अधिकारी आणि स्थानिक स्त्री यांचे सहजीवन अठराव्या शतकात सर्वसामान्य होते, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते झाकून ठेवण्याची रीत पडली होती. त्या काळात गावात उघडपणे उभारलेली आणि नावानिशी प्रेम व्यक्त करणारी ही समाधी म्हणून वेगळी ठरते.

योगायोग असा की पारोच्या मृत्यूचे वर्ष आणि गिल यांच्या छायाचित्रणाच्या आरंभाचे वर्ष जवळपास एकच आहे. त्यावरून काही लेखकांनी दुःख विसरण्यासाठी त्यांनी कॅमेरा धरल्याचे रंगवले आहे. सरकारी गरज आणि तंत्राचा प्रसार हे त्याचे अधिक साधे स्पष्टीकरण आहे.

गिल यांची पत्नी व मुले त्यांच्यापासून दूर राहिली. उत्तरायुष्यात एका स्थानिक स्त्रीपासून त्यांना दोन मुली झाल्या.

== मृत्यू ==

निवृत्तीनंतरही गिल अजिंठा परिसर सोडून गेले नाहीत. एप्रिल १८७९ मध्ये आजारी अवस्थेत भुसावळ येथे त्यांचे निधन झाले. भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची कबर आहे.

== नंतरचा काळ ==

मराठी साहित्यात ना. धों. महानोर यांनी गिल आणि पारो यांच्या कथेवर अजिंठा हे दीर्घकाव्य लिहिले. त्यावर आधारित अजिंठा हा मराठी चित्रपट नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये दिग्दर्शित केला. त्यात पारोची भूमिका सोनाली कुलकर्णी यांनी केली आहे. या दोन कृतींमुळे गिल महाराष्ट्रातील सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचले, पण प्रियकर म्हणून. त्यांच्या कामाचा तपशील त्या प्रतिमेमागे राहिला.

अजिंठ्याच्या नोंदीचे काम गिल यांच्यानंतर अनेकांनी पुढे नेले. क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस आदी तरुण चित्रकारांसह १९०९ ते १९११ या काळात प्रती केल्या. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञ बोलावून सुटलेला गिलावा बसवून घेतला. गुलाम याझदानी यांचे रंगीत छायाचित्रांसह चार भागांतील संपादन १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले. गिल यांच्या काचेला न दिसणारा गेरूचा तांबडा रंग तोवर कॅमेऱ्याला दिसू लागला होता. १९९० च्या दशकारंभी बिनॉय बहल यांनी चित्रांवर तीव्र प्रकाश न टाकता, लेण्यांतील अपुऱ्या उजेडातच त्यांची रंगीत छायाचित्रे घेतली.

गिल यांची छायाचित्रे आजही संवर्धनाच्या कामात उपयोगी पडतात. लेण्यांच्या दर्शनी भागातील कोणते खांब तेव्हाच तुटलेले होते, कोणते नंतर दुरुस्त केले गेले आणि मूर्तींची झीज दीडशे वर्षांत किती झाली, हे त्यांच्याशी तुलना करून ठरवता येते. जोडचित्रांतून दरीतील झाडीही दिसते. लेण्यांपर्यंत पायऱ्या, कठडे आणि वाहनतळ येण्यापूर्वी वाघूरच्या काठचे रान कसे होते, याची जुनी दृश्ये याच लहान काचांवरून आलेली आहेत.